वापरलेलं गाणं

ओझेला टिडमोरनं बांधलेलं संगीत पुढं न्यूयॉर्क-शिकागोच्या मोठमोठ्या सभागृहांत वाजायला लागलं, तेव्हा लोक तिला हमखास विचारायचे, "बाई, तुमचे गुरू कोण?" त्यांना वाटायचं, ही आता कुणातरी जर्मन प्रोफेसराचं नाव घेणार. ओझेला म्हणायची, "जॉर्जियातला एक जाडा माणूस. पँटला पिवळे गॅलिस लावायचा. त्यानं माझं गाणं पळवलं." लोक खो खो हसायचे. ती हसायची नाही. मग लोकांचं हसू असं मधेच लटकून राहायचं, ना धड पुढं ना मागं.

तर ही गोष्ट त्या जाड्या माणसाची. खरं म्हणजे ओझेलाच्या आईची.

ओझेला तेव्हा बारा वर्षांची होती. अलाबामाच्या डोंगरात कपाशीची शेवटची खुरपणी उरकली, की बोंडं फुटेपर्यंत माणसाला जरा पाठ टेकायला सवड मिळते. त्या सवडीत, जुलैच्या तिसऱ्या रविवारी, रॉकी होलोच्या चर्चमध्ये वर्षाचं गाणं असायचं. गाणं म्हणजे ऐकायचं नव्हे हं, गायचं! ऐकणारं तिथं कुणी नसतंच. बाक चारी बाजूंनी आत तोंड करून मांडायचे आणि मधे चौक मोकळा सोडायचा. एका अंगाला मूळ चाल गाणारे, त्यांच्या समोर मधल्या सुराच्या बायका, एकीकडे उंच सूर, दुसरीकडे खर्जातले बाप्ये. पेटी नाही, पियानो नाही, नुसते गळे. नाव पुकारलं की उठायचं, चौकात जाऊन उभं राहायचं, पुस्तकातल्या पानाचा आकडा मोठ्यानं सांगायचा आणि हात वर-खाली करत ते गाणं चालवायचं. म्हातारं असो की पोर, पाळी सगळ्यांना. आणि चौकात उभं राहिलं की चार बाजूंनी चार सूर असे अंगावर येतात, की आपण घंटेच्या पोटात उभं असावं आणि कुणीतरी घंटा वाजवावी!

नियम एकच, पण दगडावरची रेघ. एक गाणं दिवसातून एकदाच. एकदा गायलं की ते वापरलं गेलं. मग पुढच्या वर्षी भेटू.

ओझेलाला एकशे एकेचाळिसावं पान हवं होतं. ते तिच्या आईचं पान.

आई, म्हणजे आर्व्हिला, दीड वर्षापूर्वी ऐन जानेवारीत न्यूमोनियानं गेली. तिचा चेहरा ओझेलाला विसरायला झाला नव्हता, कारण चुलाण्यावरच्या फळीवर तिचा लग्नातला फोटो होता. हात विसरायला झाले नव्हते, कारण तिनं शिवलेली गोधडी रोज अंगावर होती. पण आवाजाचा फोटो नसतो. वसंतात एकदा कपाशी विरळताना ओझेलानं सहज आठवून बघितलं, आई आपल्याला जेवायला कशी हाक मारायची? शब्द आले. "ओझी, ये गं, भाकरी निवतेय." पण ते आले आयसीमावशीच्या आवाजात! ओझेला कुदळ हातात धरून तशीच उभी राहिली. पुन्हा आठवलं. पुन्हा मावशीच. तिला इतकी भीती वाटली, की संध्याकाळपर्यंत तिनं दुसरं काही आठवूनच बघितलं नाही, न जाणो तेही जायचं.

एकच जागा उरली होती. एकशे एकेचाळीसच्या तिसऱ्या ओळीच्या शेवटी मधला सूर एका जागी नुसता उभा राहतो. पुस्तकात तसंच छापलंय. पण आर्व्हिला तिथं उभी राहायची नाही. ती तिथं एक छोटीशी मुरकी घ्यायची, चिमणीनं कुंपणावर बसता बसता विचार बदलावा तशी. ती मुरकी पुस्तकात नव्हती, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नव्हती. ओझेला पाच वर्षांची असताना आईनं तिला हात धरून चौकात नेलं होतं आणि हेच पान चालवलं होतं. डोक्यावरून आईचा आवाज आला होता आणि त्या जागी तो असा वळला होता, की ओझेलानं वर बघितलं होतं. ते वर बघणं तिला लख्ख आठवत होतं. वळण मात्र हातातून निसटत चाललं होतं. म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं, चौकात उभं राहायचं, तेच पान सांगायचं. चारी बाजूंनी तेच सूर उठले, की त्या जागी ती मुरकी आपसूक कानात येईल. यायलाच हवी. जाणार कुठे?

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच. होईट टिडमोर म्हणजे खर्जातला नावाजलेला गडी, पण बायको गेल्यापासून त्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या गाण्याला ते गेलेच नाहीत. दिवसभर गोठ्यात बसून खेचराचं जोत शिवत राहिले. यंदा मात्र शुक्रवारी जेवताना आपणहून म्हणाले, "रविवारी जाऊ." बस, एवढंच. तेव्हाच ओझेलानं ठरवलं, की त्यांनाही न सांगता एकदम चौकातूनच सांगायचं.

रविवारी सकाळी खेचराच्या गाडीत मागे आयसीमावशी, तिची व्हर्बी आणि जेवणाच्या टोपल्या. आयसीमावशी म्हणजे आर्व्हिलाची थोरली बहीण. व्हर्बी चौदाची, आणि आपण चाळीस वर्षांच्या आहोत अशा थाटात बोलणारी.

"आज कुठलं पान घेणारेस गं?" व्हर्बीनं विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे? आयत्या वेळी ततपप करशील. मागे एल्बर्टनं केलं होतं ना, चौकात जाऊन नुसता कान खाजवत उभा! मी तर महिनाभर आधी ठरवते."

"तू चौकात जातेस ते गाण्यासाठी की नव्या फ्रॉकसाठी?" ओझेला म्हणाली.

"आये, बघ ही!"

"खरं तेच बोलतेय ती," आयसीमावशी म्हणाली. "आणि दोघी जणी त्या पायवरून पाय काढा आधी. रताळ्याचा खायचा पाय आहे तो, पायपुसणं नव्हे."

होईट पुढं बसून लगाम धरून होते. ते हसले की नाही, हे मागून कळत नव्हतं. टोपीची मागची बाजू जरा हलली, तेवढंच.

रॉकी होलोला पोचेपर्यंत माणसांनी चर्च भरलं होतं. खिडक्या सताड उघड्या, आणि हाताहातांत पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. गावच्या अंत्यविधीवाल्यानं फुकट वाटलेले ते पंखे. एका बाजूला येशू आणि कोकरं, दुसऱ्या बाजूला 'आम्ही रात्रंदिवस सेवेला हजर.' अध्यक्ष लोंझोकाका स्पीगल काठी टेकत दारातच उभे होते. त्यांनी होईटना बघितलं, नुसता त्यांचा दंड दाबला आणि खर्जाच्या पहिल्या बाकाकडे बोट केलं. ती जागा दीड वर्ष रिकामीच ठेवल्यासारखी रिकामी होती. मधल्या सुरांच्या बाकावर मात्र आयसीमावशीच्या शेजारी, आईच्या जागेवर, दुसरी कुणीतरी बसली होती.

आणि पाहुणे! जॉर्जियाहून एक अख्खी मोटार भरून माणसं आली होती. त्यांत होते प्रुएटभाऊ. पिवळे गॅलिस, पोट असं की पुस्तक त्यावरच ठेवून गावं, आणि आवाज असा की खिडकीतली माशी पण बाहेर जावी. माणूस मात्र लोण्याचा. आल्या आल्या त्यांनी सगळ्या म्हाताऱ्यांना मिठ्या मारल्या, पोरांना पेपरमिंट वाटलं.

सकाळचं गाणं सुरू झालं. आधी फा-सोल-ला म्हणून सूर वाचायचे. त्रिकोण म्हणजे फा, गोल म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला, हिरा म्हणजे 'मी'. मग शब्द. पाय जमिनीवर आपटत होते, फळ्या थरथरत होत्या. ओझेला उंच सुरांच्या बाकावर बसून गात होती, पण तिचं निम्मं लक्ष पाळीकडे. तिचं नाव दुपारच्या जेवणानंतर येणार, असं लोंझोकाकांच्या नातीनं सांगितलं होतं. हात गार पडले होते. जुलैत! एकदा एकटीनं म्हणून बघायला हवं, असं तिला झालं. हात कुठं पडतो, तिसऱ्या ओळीशी श्वास कुठं घ्यायचा.

बारा वाजायच्या जरा आधी आयसीमावशी बाहेर निघाली. झाडांखालच्या लांब टेबलांवर जेवण मांडायचं होतं. तिनं दारातून खूण केली, तशी ओझेला टुणकन उठली.

"मावशी, ताकाची मडकी मी आणते झऱ्यावरून."

"एकटी? चार मडकी आहेत."

"आणते गं, दोन खेपांत."

"देवा, आज सूर्य कुठून उगवला?" व्हर्बी टेबलावर चादर पसरत म्हणाली.

झरा चर्चच्या मागं खाली घळीत होता. वर काय चाललंय ते तिथं ऐकू येत नाही. पाणीच एवढं बडबडं. मडकी थंड पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेली. ओझेला एका सपाट दगडावर उभी राहिली, फ्रॉक नीट केला, झाडांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पान एकशे एकेचाळीस." मग हात उचलला आणि गायला लागली. अगदी मोकळ्या गळ्यानं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसऱ्या ओळीशी ती थांबायची, कान द्यायची. पाणी, पाणी आणि पाणी. काही नाही. असू दे, तिनं स्वतःला सांगितलं, इथं मी एकटी आहे, वर चारी बाजू असतील.

आणि त्याच वेळी, बरं का, वर टेकडीवर प्रुएटभाऊंचं नाव पुकारलं गेलं. ते चौकात आले, गॅलिस ताणून सोडले आणि म्हणाले, "भावांनो, बहिणींनो, एकशे एकेचाळीस!" चर्च क्षणभर गप्प झालं. मग गायलं. झऱ्यावर ओझेला गात होती, वर साठ-सत्तर गळे तेच गात होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

बाहेर टेबलापाशी आयसीमावशीनं ते ऐकलं. कोंबडीच्या परातीवरचं फडकं हातात धरून ती पाठ फिरवून उभी राहिली, आणि गाणं संपेपर्यंत तिनं काही मांडलं नाही. आत होईटनी पुस्तक उघडं धरलं होतं. ते गायले की नाही, यावर नंतर बरेच वाद झाले.

ओझेला ताक घेऊन वर आली, तेव्हा सगळं संपून माणसं बाहेर येत होती. तिला सांगायला कुणाला सुचलंच नाही. मावशीला वाटलं, पोरीनं ऐकलं असेलच, जखमेला हात कशाला लावा. होईटना वाटलं, ती मावशीबरोबर बाहेर होती, तिला माहीत आहे. बाकीच्यांना तर ती तेच पान घेणार आहे याची कल्पनाच नव्हती. असं सगळ्यांनी एकमेकांवर सोपवून, वर तिच्या ताटात दुप्पट वाढलं. तळलेली कोंबडी, बटर बीन्स, मक्याची भाकरी, भरलेली अंडी, पीचचा कॉब्लर. होईटनी तर आपल्या ताटातली तंगडी उचलून तिच्या ताटात ठेवली. ओझेलाला नवल वाटलं, आज माझ्यावर एवढी माया का उतू चाललीय?

प्रुएटभाऊ टेबलाच्या पलीकडे उभे राहून खात होते. "काय गं, लेकी, तुझी पाळी आहे का आज?"

"आहे."

"कुठलं पान?"

"गुपित आहे."

"अरे वा! गुपित! सांभाळ हं. आमच्याकडे गाणी पळवणारे फार." आणि पोट हलवून हसले. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

जेवणानंतर माणसं जड झाली होती, पंखे सावकाश हलत होते. दोन-तीन पाळ्या झाल्या. मग लोंझोकाकांनी पुकारलं, "ओझेला टिडमोर!"

ती उठली. चौकात आली. चालवाल्यांकडे तोंड करून उभी राहिली. कोपऱ्यात बाबा दिसत होते. त्यांनी पुस्तकाचं पान उलटायला बोट तयार ठेवलं होतं. ओझेलानं त्यांच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं, स्वच्छ सांगितलं,

"एकशे एकेचाळीस."

एकही पान उलटलं नाही.

एखादं पोर चुकलं की कुणीतरी हसतं, कुणीतरी लगेच ओरडतं, "वापरलं, वापरलं!" रीतच आहे ती, कुणाला राग येत नाही. पण आज कुणी हसलं नाही आणि कुणी ओरडलंही नाही. ओझेलाला वाटलं, ऐकू गेलं नसावं.

"एकशे एकेचाळीस," ती पुन्हा म्हणाली.

"वापरलं गेलं गं, बाळ," लोंझोकाका म्हणाले. इतक्या हळू, की पंखे थांबले.

"कधी?"

"जेवणाआधी."

ओझेलाला आधी समजलंच नाही. जेवणाआधी तर मीच गात होते, असं काहीतरी तिच्या मनात आलं. मग समजलं. तिनं बाबांकडे बघितलं. होईटचा चेहरा बघून तिला हेही समजलं, की त्यांना आत्ता कळतंय, ही कशासाठी आली होती.

"मी गायलो ते! मी मेलो!" प्रुएटभाऊ चालवाल्यांच्या बाकावरून धडपडत उठले. "अहो लोंझोकाका, मला कुठं माहीत? कुणाचं आहे ते?" शेजारच्यानं कानात सांगितलं. "तिच्या आईचं? अरेरे! पाळ्या लिहायच्या वहीतून माझं नाव खोडा तुम्ही. मी चौकात आलोच नाही असं समजा. खोडा!"

"वहीतलं खोडता येईल," लोंझोकाका म्हणाले. "गायलेलं कसं खोडायचं, प्रुएटभाऊ?"

"पोर आहे ती!"

"माझी बायको गेली त्या वर्षी तिचं पान सकाळी पहिल्याच पाळीला गेलं. मी उशिरा पोचलो होतो. मी दुसरं घेतलं." लोंझोकाकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ओझेला, दुसरं सांग, बाळ. जे आवडेल ते. आम्ही सगळे आहोत."

दुसरं! पुस्तकात शेकडो पानं होती आणि तिला एक आठवेना. डोळ्यांपुढं नुसते त्रिकोण, गोल, चौकोन. कुणीतरी मागून कुजबुजलं, "अठ्ठावन्न घे, सोपंय." व्हर्बी उंच सुरांच्या बाकावरून दोन्ही हातांनी काहीतरी खुणावत होती. पळून जावं असं ओझेलाला वाटलं. दार उघडंच होतं. पण चौकातून गाणं न चालवता कुणी गेलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं हातातलं पुस्तक कुठलंही उघडलं आणि समोर जे आलं ते वाचलं.

"दोनशे तीन."

भराभरा पानं उलटली. दोनशे तीन म्हणजे पळतं गाणं! आधी खर्ज एकटाच निघतो, त्याच्या मागून चाल, मग उंच सूर आणि सगळ्यांत शेवटी मधला सूर. पोरासोरांचं ते कामच नाही. ओझेलाचा हात उशिरा पडायला लागला. तेवढ्यात खर्जाच्या पहिल्या बाकावरून धाड, धाड, धाड असा बुटाचा ठोका यायला लागला, वाजवीपेक्षा मोठा. बाबा. तिनं त्या ठोक्याला हात बांधून टाकला. खर्ज उठला, चाल उठली, उंच सूर उठले. आता मधला सूर. ओझेला त्या बाकाकडे वळली, आणि तिचं सगळं अंग कान झालं.

मधला सूर आला. आयसीमावशी आणि तिच्या शेजारच्या बायका, ठणठणीत, सरळ, पुस्तकात छापलंय तसं एकेक सूर वाजवून. चुकलं काही नाही. आणि त्यात आई नव्हती. कानाकोपऱ्यात नव्हती, बाकाखाली नव्हती, बायकांच्या दोन श्वासांमधेही नव्हती. आणि ओझेलाच्या लक्षात आलं, की एकशे एकेचाळीस मिळालं असतं तरी या अशाच गायल्या असत्या. जे छापलंय ते. त्या जागी येऊन सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या असत्या.

गाणं संपलं. लोक म्हणाले, "शाबास!" प्रुएटभाऊंनी तर डोळे पुसून शिट्टी मारली. ओझेला जाऊन जागेवर बसली. व्हर्बीनं आपला पंखा तिच्यापुढं धरून वारा घातला, आणि चक्क काही बोलली नाही.

परतीच्या वाटेवर टोपल्या रिकाम्या होत्या, म्हणून जास्त खडखडत होत्या. ओझेलानं विचारलं,

"मावशी, तिसऱ्या ओळीशी आई काय करायची गं? म्हणून दाखव."

आयसीमावशीला कुठली तिसरी ओळ ते विचारावं लागलं नाही. तिनं घसा खाकरला आणि गायली. सूर त्या जागी आला आणि जरा वर चढून खाली बसला.

"छे," पुढून होईट म्हणाले.

"छे काय, छे?"

"वर नाही चढायची ती. खाली जायची. आधी खाली, मग जागेवर."

"होईट, मी सतरा वर्षं तिच्या शेजारी बसत होते!"

"म्हणूनच. तुला तुझाच आवाज ऐकू येत होता. मी लांबून ऐकत होतो."

"मग गा की तुम्ही. गा!"

होईटनी लगाम सैल सोडला. खेचर आपलं चालत राहिलं. दीड वर्षांनी त्यांच्या गळ्यातून तो सूर निघाला, खरखरीत, खर्जातून उगाच वर ओढलेला. त्या जागी आला, खाली गेला आणि तिथंच मोडला.

"हे?" मावशी म्हणाली. "असं गायली असती तर मी तिला बाकावरून ढकललं असतं."

"मला वाटतं, तिथं काहीच नव्हतं," व्हर्बी म्हणाली. "आर्व्हिलाआर्व्हिलामावशीचा श्वास संपायचा तिथं. म्हणून आवाज हलायचा."

"व्हर्बी!"

"मी फक्त म्हणतेय."

ओझेला एकेकाचं तोंड बघत राहिली. मावशीकडची मुरकी वर जात होती, बाबांकडची खाली जात होती, व्हर्बीकडे तर नव्हतीच. प्रत्येकानं आपापल्या बाकावरून ऐकलेली. आपण एकट्याच आईच्या अगदी खाली उभ्या होतो, चौकात. आणि आपल्याकडे काय उरलं? वर बघितलेलं.

तिला रडू आलं नाही. संताप आला. सगळ्यांवर, प्रुएटभाऊंवर, त्या पुस्तकावर. एवढं जाडं पुस्तक छापतात, त्यात ही एवढीशी गोष्ट छापायला जागा नव्हती?

घरी आल्यावर होईटनी खेचर सोडलं, पाणी दाखवलं आणि पडवीच्या पायरीवर येऊन बसले. उन्हं उतरली होती. अंगण सकाळीच झाडून लख्ख केलेलं, गवताची काडी नाही. नुसती लाल माती आणि खराट्याच्या रेघा. ओझेलानं चुलीपाशी सरपणातली एक काटकी घेतली आणि अंगणात उकिडवी बसली. आधी एकशे एकेचाळीसची तिसरी ओळ काढली. गोल, गोल, चौकोन, त्रिकोण. शेवटी जिथं सूर उभा राहतो तिथं लांबट चौकोन. मग तो चौकोन पायानं पुसला. त्याच्या जागी मावशीची वर चढणारी काढली. म्हणून बघितली. पुसली. बाबांची खाली जाणारी काढली. म्हणून बघितली.

"हीच," पायरीवरून होईट म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "नाही. ही पण नाही."

मग तिनं दोन्ही जोडून काढली. मग उलटी जोडून. 'मी' हा हिऱ्याच्या आकाराचा सूर मधे घातला, जो त्या ओळीत कधी येतच नाही. ती काढायची, म्हणायची आणि पुसायची. होईट मान हलवायचे, नाही. कोंबड्या ओळीवरून चालत गेल्या, तेव्हा ओझेलानं त्यांनी उमटवलेलंही म्हणून बघितलं. होईटना हसू आलं. हसले आणि मग बराच वेळ त्यांनी तोंडावर हात धरून ठेवला.

"ओझी, राहू दे आता."

"थांबा ना बाबा."

एव्हाना ओळ लांबली होती. मुरकी घ्यायला ती जिथं वळायची, तिथून परत यायला तिला पुस्तकातली वाट पुरेना. म्हणून ओझेलानं पुढं आणखी काही सूर काढले, आणि त्यांना धरून मागचेही बदलले. काटकी अंगणभर फिरली. गुडघे लाल झाले. आता ते एकशे एकेचाळीस राहिलंच नव्हतं. ते कुठलंच पान नव्हतं. शेवटी तिनं उभं राहून सगळं सलग म्हटलं, मधल्या सुरात, हळू.

होईटनी मान हलवली नाही. ते अंगणातल्या खुणांकडे बघत होते.

"ही आर्व्हिला नाही," ते म्हणाले.

"माहितीय मला."

"तशी कधीच गायली नाही ती."

"माहितीय, बाबा." तिचा आवाज फाटला. "ती नाही येत. मी किती बोलावलं. येतच नाही."

कुंपणापलीकडे कुणाची तरी गाय हंबरली. ओझेलानं सगळं पुसायला पाय उचलला.

"पुसू नको," ते म्हणाले. "परत म्हण."

"कशाला? तुम्हीच तर म्हणालात, ही ती नाही."

"ती नाही. पण तिची वाट बघणारं कुणीतरी आहे यात." ते पायरीवरून उठले, अंगणात आले आणि चौकात पोराच्या शेजारी बाप उभा राहतो तसे तिच्या शेजारी उभे राहिले. "परत म्हण. मी खर्ज धरतो. कुठून धरू?"

ओझेलानं खाली बघितलं. मातीत एकच ओळ होती. खाली, जिथं खर्ज असतो, तिथं नुसत्या खराट्याच्या रेघा. वर चाल नव्हती, उंच सूर नव्हते.

"थांबा हं," ती म्हणाली आणि काटकी घेऊन पुन्हा खाली बसली. "तुमचा अजून केलाच नाही मी."